एकवीस दिवसांनी बघू

माझ्या मामाला सगळे ‘एकवीस’ म्हणतात. मालकीणबाई म्हणतात, बसचा कंडक्टर म्हणतो, चिडली की मामीसुद्धा म्हणते. मामा अंडी उबवणी केंद्रात कामाला आहे. मशीनमध्ये अंडं ठेवलं की पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात, आणि मामाला तुम्ही कुठेही बोलवा, उत्तर एकच. “ही बॅच निघू दे, एकवीस दिवसांनी बघू.” गंमत अशी की दर शनिवारी नवी बॅच मशीनमध्ये जाते. म्हणजे मामाचे एकवीस दिवस कधी संपतच नाहीत. हे त्यालाही ठाऊक आहे, तरी दर वेळी तो हे वाक्य इतक्या प्रामाणिकपणे म्हणतो की ऐकणारा मनातल्या मनात तारीख मोजायला लागतो.

केंद्र म्हणजे एक लांब हॉल. त्यात चार कपाटांएवढं एक मशीन, आणि हॉलला लागून मामाची एवढीशी खोली. मशीनच्या दारावर गाल टेकवला की मामाला आतलं तापमान कळतं. थर्मामीटर साडेसदतीस दाखवत असताना मामा म्हणाला, “पाव कमी आहे,” तर थर्मामीटर बदलायचा, मामाशी वाद घालायचा नाही. मी एकदा घातला होता. मी कॉलेजच्या कचेरीत काम करते, दिवसभर लोकांच्या अर्जातल्या चुका काढते, त्यामुळे वाद घालायला मला कारण लागत नाही. नवा थर्मामीटर आणला आणि मी तोंडावर आपटले.

मामाची आणखी एक खूण म्हणजे त्याचा डावा हात. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना तो हात आपोआप भिंतीकडे जातो आणि बोर्डावर असतील तेवढे खटके बंद करतो. मामा विशीत होता तेव्हा मालकीणबाईंच्या वडिलांनी एका चालू राहिलेल्या दिव्यावरून त्याला चार माणसांत झापलं होतं. तेव्हा हाताने जो धडा घेतला तो घेतला. घरी आम्ही जेवत असतो, मामाचं आधी आटपतं, तो उठून हात धुवायला जातो आणि आम्ही बाकीचे अंधारात घास चाचपत बसतो. मामी मान वर न करता म्हणते, “गेले.”

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी मामाची मुलगी, माझी मामेबहीण, नऊ वर्षांची असताना शाळेच्या नाटकात होती. तिला तीन वाक्यं होती. मामा त्या दिवशी केंद्र मदतनिसावर सोपवून दोन तासांसाठी गेला. इकडे वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि मदतनिसाला काय करावं ते सुचेना. मशीनमध्ये एकोणिसाव्या दिवसाची चार हजार अंडी होती. एकोणिसाव्या दिवशी कान लावला तर आतून टकटक ऐकू येते. मामा परत आला तेव्हा ती थांबली होती.

त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यानेच स्वतःला इतकं बोलून घेतलं की दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. त्यानंतर तो अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ केंद्र सोडून गेलेला मी पाहिला नाही. घर समोरच्या गल्लीत, तेवढाच त्याचा प्रवास. मुलीचे बक्षीस समारंभ झाले, तिची पोहण्याची स्पर्धा झाली, ती नदीवरच्या फेरीबोटीवर शिकाऊ म्हणून लागली, परीक्षा पास झाली. प्रत्येक वेळी एकवीस दिवसांनी बघू.

त्या मंगळवारी तिचा फोन आला. मामी आणि मी तेव्हा केंद्रावर मामाच्या खोलीतच होतो. गुरुवारची साडेतीनची फेरी ती नेणार होती. पहिल्यांदाच एकटी, सुकाणू तिच्या हातात, शेजारी कुणी सांभाळून घेणारं नाही. मामी फोनवर रडत हसत होती. मग तिने फोन मामाच्या कानाला लावला.

“बघू,” मामा म्हणाला.

“एकवीस दिवसांनी ना?” ती हसत म्हणाली. “असू दे बाबा. तू पिल्लं सांभाळ. आई आणि ताई आल्या तरी खूप झालं.” ताई म्हणजे मी.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीने बोलली आणि मामाचा चेहरा उतरला. तो उठून तडक मालकीणबाईंकडे वर गेला. जाताना अर्थात दिवा घालवून गेला.

मालकीणबाई केंद्राच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचे गुडघे दुखतात, मशीनच्या वासाने त्यांना शिंका येतात आणि दुपारी त्या झोपतात, पण मन मोठं. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एक रिमोटचा डबा मागवला होता. मशीनला जोडला की लांबून मोबाइलवर तापमान बघता येतं, जादा हीटर चालू-बंद करता येतो, आणि काही बिनसलं तर डबा आपण होऊन ई-मेल पाठवतो. मामाने तेव्हा साफ नकार दिला होता. “डब्याला गाल आहे का?” असं विचारलं होतं. डबा खोक्यासकट जिन्याखाली पडून होता. मंगळवारी मामा वर गेला आणि म्हणाला, “बाई, तो डबा द्या.” बाई म्हणतात, त्यांना आधी वाटलं याला ताप आला असावा.

गुरुवारी मी रजा टाकली आणि नऊ वाजता केंद्रावर हजर झाले. बस दीडला होती. ती चुकली तर फेरी चुकली. साडेचार तास हातात होते आणि मला वाटलं होतं की एका तासात उरकेल. कॉम्प्युटर म्हटलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात आणि मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मशीनकडून येणारी तापमानाची वायर डब्यात खोचली. जादा हीटर डब्याला जोडला. डबा आणि इंटरनेटचा राउटर मामाच्या खोलीतल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांचे प्लग तिथल्याच बोर्डात लावले. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. मामा हात मागे बांधून लांब उभा होता.

“चावत नाही तो,” मी म्हटलं.

“तू तुझं काम कर.”

आधी नेटवर्क. डब्याला नेटवर्कमधला स्वतःचा पत्ता द्यायचा, राउटरची ओळख करून द्यायची, पासवर्ड घालायचा. ते पटकन झालं. मग ई-मेल. डबा कुणाच्या नावाने पत्र पाठवणार, कुठल्या सर्व्हरवरून, कुठल्या पोर्टवरून, आणि कुणाकुणाला, असे रकाने होते. मामाकडे ई-मेलच नव्हता. तो काढायला बसले. पासवर्ड विसरला तर खूण म्हणून स्क्रीनवर एक प्रश्न होता, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय.

“कुठल्या बॅचमधला?” मामाने विचारलं.

तो थट्टा करत नव्हता. मी पाच मिनिटं हसत होते, तोही शेवटी हसला, आणि तिथून पुढे त्याचे मागे बांधलेले हात सुटले. खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“पत्र कुणाला जाणार?” त्याने विचारलं.

“तुला, बाईंना, मला. तुझ्या लेकीला घालू का?”

“तिला नको. ती बोट चालवत असेल.”

पुढचा रकाना होता, किती तापमान झालं की कळवायचं. डब्यात आधीपासून तीस अंश लिहिलेलं होतं आणि पुढे, इतकी मिनिटं थांबून कळवायचं, तिथेही तीस. मामा ते बघून इतका भडकला की मला वाटलं डबा पुन्हा जिन्याखाली जातो.

“तीस? तिसाला कळवून काय उपयोग, सुतक पाळायला? सदतीस पॉइंट दोन घाल. आणि मिनिटं सहा.”

“सहाच का?”

“ट्रे फिरवायला दार उघडलं की तापमान उतरतं. दार लावल्यावर चार मिनिटांत वर येतं. थंडीत पाच. सहाव्या मिनिटाला आलं नाही तर मग काहीतरी झालंय.”

मी सहा लिहिलं. कुठल्याही पुस्तिकेत नसलेला हा आकडा मामाच्या गालात होता, आणि तो माझ्या बोटांनी डब्यात जात होता. मला एकदम भरून आलं. मी ते दाखवलं नाही, टाइप करत राहिले. शेवटचा रकाना होता डब्याचं नाव. पत्रावर पाठवणारा म्हणून तेच नाव दिसणार होतं.

“काय ठेवू?”

“इथे बसणाऱ्याचं नाव काय?” मामा म्हणाला. “एकवीस.”

मी चाचणीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पोर्टचा आकडा चुकला होता, बदलला, पुन्हा दाबलं. मामाच्या खिशात टिंग वाजलं. त्याने मोबाइल असा बाहेर काढला की जणू आत पिल्लू आहे. मोठ्याने वाचलं, “एकवीस. चाचणी. तापमान साडेसदतीस. सगळं ठीक.” त्याच्या आयुष्यातला पहिला ई-मेल. त्याने तो तीनदा वाचला, मग उंबऱ्यातूनच वाकून हॉलमधल्या मशीनला गाल लावला आणि मागे वळून म्हणाला, “बरोबर आहे.” आवरता आवरेना इतका आनंद मला झाला होता. वरून बाई ओरडल्या की त्यांच्याकडेही टिंग झालं.

तापमान मोजणारी वायर मशीनमधून काढून गार पाण्याच्या पेल्यात टाकली. सहा मिनिटांनी तिघांच्याही मोबाइलवर पत्र, तापमान घसरलं म्हणून. मामाने स्वतःच्या बोटाने मोबाइलवरून जादा हीटर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. साडेअकरा वाजले होते. मी चहा मागितला.

तेवढ्यात बाई एकेक पायरी उतरत खाली आल्या आणि त्यांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. “एकवीस, तुम्ही डब्याच्या उशाला बसून पत्र घेताय. स्टॉपवर जाऊन बघा येतं का.”

बरोबर होतं. वायर पुन्हा पेल्यात टाकली. मी निघाले, बाई निघाल्या, सगळ्यात शेवटी मामा बाहेर आला. आम्ही बसस्टॉपवर जाऊन उभे राहिलो. सहा मिनिटं झाली. आठ झाली. बारा झाली. तिन्ही मोबाइल मुके.

परत आलो. मामा आधी आत शिरला, मी मागोमाग. डब्यावर हिरवा दिवा, पेल्यात वायर, सगळं जागच्या जागी. राउटर जरा वेळ लुकलुकत होता, पण राउटर लुकलुकतातच. मी चाचणीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने टिंग.

“इथे येतं आणि तिथे येत नाही,” मामा हळूच म्हणाला.

मी सगळे रकाने पुन्हा तपासले. मोबाइलचं इंटरनेट तपासलं. सर्व्हर बदलून बघितला, पुन्हा आधीचा घातला. पुन्हा सगळे बाहेर, पुन्हा स्टॉप, पुन्हा काही नाही. परत आलो तर पुन्हा टिंग. मला कपाळावर डबा मारून घ्यावासा वाटला. बाई म्हणाल्या, मधल्या शाळेची भिंत आड येत असेल. मी त्यांना फाडकन म्हटलं की पत्र भिंतीतून चालत येत नाही. मग माफी मागितली. पाऊण वाजून गेला होता.

मामाने टेबलाखालून आपली रोजची चप्पल काढली. सकाळपासून तो पॉलिश केलेले बूट घालून वावरत होता. आता खाली बसून त्याने नाड्या सोडल्या, बूट भिंतीला लावून नीट ठेवले.

“तू आणि मामी जा,” तो म्हणाला. “फोटो काढा भरपूर.”

“मामा, अजून पाऊण तास आहे.”

“ते पंधरा वर्षांपूर्वी पण दोन तासच होते.”

 मी, जिला वाद घालायला कारण लागत नाही, डब्याचे रकाने पुन्हा तपासायला लागले.

एवढ्यात मामी आली. नवी चप्पल, हातात पिशवी, पिशवीत खाणं-पाणी आणि मामाचा इस्त्री केलेला शर्ट. तिने बूट बघितले आणि सगळं ओळखलं. मी तिला तिथेच उभ्या उभ्या सांगायला लागले, की खोलीत असलं की पत्र येतं, बाहेर गेलं की येत नाही, कारण सापडत नाही. मामाला ते पुन्हा ऐकायचं नसावं. तो उठला आणि आमच्या मधून वाट काढत हॉलकडे गेला.

मामी बोर्डाकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

“अहो,” तिने हाक मारली. “इकडे या. आत्ता काय केलंत?”

“कुठे काय? मशीन बघायला चाललोय.”

“दिवा घालवलात.”

“मग? खोलीतून बाहेर पडलो.”

“दिवा घालवलात, पंखा घालवलात, तिसरा खटका कसला?”

मी टेबलाकडे पाहिलं. डब्यावरचा हिरवा दिवा गेला होता. राउटरही मेलेला. दोघांचे प्लग ज्या बोर्डात मी स्वतःच्या हाताने लावले होते, त्याचा तिसरा खटका खाली होता. दोन्ही वेळा आमच्या मागून खोलीबाहेर पडताना मामाने डब्याचा गळा दाबला होता आणि दोन्ही वेळा आत आल्या आल्या सगळे खटके लावून त्याला जिवंत केलं होतं. भर दुपारी दिवा गेल्याचं कुणाच्या लक्षात येणार? आणि जन्मभर ज्या हाताने मला जेवताना अंधारात बसवलं, तो हात मला दिसला नाही. मी सर्व्हर बदलत बसले होते.

मामा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

“सव्वीस वर्षं अंधारात बसलेय मी,” मामी म्हणाली. “मला कळणार नाही तर कुणाला?”

बाईंनी खटक्यावर चिकटपट्टी लावायला सुचवलं. मामा म्हणाला, हात पट्टीला जुमानणार नाही. ते खरंच होतं. मग मी डबा आणि राउटर उचलून हॉलमध्ये नेले आणि मशीनच्या जाड लाइनवर जोडले. तिला खटकाच नाही, आणि वीज गेली तरी तिच्यामागे जनरेटर आहे. वायर पेल्यात टाकली. पेल्याजवळ बाई खुर्ची टाकून बसल्या, नाकाला रुमाल लावून, आणि पत्र आलं की वायर मशीनमध्ये सरकवायची हे त्यांनी चारदा म्हणून दाखवलं. दीडला सात मिनिटं होती. मामा चपलेतच धावला, मी त्याचे बूट हातात घेऊन मागे, मामी पिशवी घेऊन त्याच्याही पुढे.

स्टॉपवर मामाने एका पायावर उभं राहून बूट चढवले, मोबाइल दातांत धरून. चार मिनिटं. पाच. कोपऱ्यावर बस वळली. मामा मोबाइलकडे बघेना, बसकडेही बघेना, डोळे मिटून उभा राहिला. बस थांबली, दार उघडलं, मामी पायरीवर चढून तिथेच अडून राहिली. कंडक्टर म्हणाला, “काय एकवीस, कुणाला सोडायला आलात?”

टिंग. लगेच माझ्याकडेही टिंग.

“मीच चाललोय,” मामा म्हणाला आणि बसमध्ये चढला.

कंडक्टर तिकीट द्यायचं विसरला. मामा खिडकीशी बसून बाहेरचं सगळं बघत होता, दुकानं, पूल, शेतं, आणि मला सांगत होता की हे इथे नव्हतं, ते तिथे नव्हतं. अर्ध्या वाटेत मोबाइल वाजला. एकवीस कळवत होता, तापमान सदतीस पॉइंट एक.  मामाने शांतपणे जादा हीटर चालू केला आणि बाईंना फोन लावला.

“बाई, दार उघडं आहे का?”

“मी नुसती बघत होते हो,” बाई म्हणाल्या. “टकटक ऐकू येतेय आतून. किती गोड.”

“बघा, पण दार लावून बघा.”

काही मिनिटांनी दुसरं पत्र आलं. साडेसदतीस, सगळं ठीक. मामाने हीटर बंद केला, मोबाइल खिशात ठेवला, आणि मग धक्क्यापर्यंत एकदाही बाहेर काढला नाही. मी मोजत होते.

बोट छोटी होती, वर उघडा डेक, खाली बाकांची केबिन, आणि सगळ्यात पुढे उंचावर काचेची खोली. काचेमागे माझी मामेबहीण पांढऱ्या शर्टात उभी होती. तिने मला आणि मामीला हात केला. मामा आमच्या मागे, एका मोठ्या पेटीआड होता. मी त्याला ओढायला लागले तर तो म्हणाला, “नको. तिचं लक्ष जाईल. आधी बोट सुटू दे.” आणि मान खाली घालून केबिनमध्ये जाऊन बसला.

भोंगा झाला. दोर सुटले. बोट अशी अलगद धक्क्यापासून निघाली की मला कळलंच नाही, पाणी दिसायला लागलं तेव्हा कळलं. मामाला मात्र कळलं होतं. त्याने बाकाशेजारच्या भिंतीला गाल लावला होता. खाली इंजिन घुमत होतं.

“छान चालवतेय,” तो म्हणाला. मग उठला. “मी वर जाऊन बघतो.”

केबिनला इवल्या खिडक्या, आत दिवसाही दिवे. कुणा शहाण्याने त्यांचे खटके जिन्याच्या तोंडाशी बसवले होते. मामा जिन्यापाशी गेला आणि पन्नासेक माणसं एकदम अंधारात बसली. कुणीतरी ओरडलं, एक बाळ रडायला लागलं. मामी माझ्या शेजारी अंधारात म्हणाली, “गेले.”

वर काचेच्या खोलीत, सुकाणूसमोर, खालच्या केबिनच्या दिव्यांसाठी एक छोटा बल्ब असतो, खाली दिवे गेले की तोही विझतो. हे तिने आम्हाला नंतर दाखवलं. तेव्हा आम्ही फक्त वरचा कर्णा खरखरलेला ऐकला. मग तिचा आवाज आला, चांगला कामावरचा, परीक्षेत पास झालेला आवाज.

“प्रवाशांना सूचना. खालच्या केबिनमधून बाहेर पडताना कृपया दिवे बंद करू नयेत.”

कर्णा तसाच चालू राहिला. नुसती खरखर येत होती. जिन्यात मामा खटक्यावर हात ठेवून उभा राहिलेला मला वरून येणाऱ्या उजेडात दिसत होता. मग तोच आवाज पुन्हा आला, पण आता तो नऊ वर्षांच्या मुलीचा होता.

“बाबा,” ती म्हणाली, “वर ये.”